उजेडात या, बघू

"वा! काय सुरेख आहे!"

हे वाक्य माणूस चित्रांच्या प्रदर्शनात ऐकतो, सराफाच्या दुकानात ऐकतो, फार तर शेजारच्या बारशाला ऐकतो. मी ते ऐकलं एका निवृत्त कारकुनाच्या उघड्या पाठीसमोर. त्वचारोग विषयात एम.डी. करायला मी आले त्याचा तो पहिला दिवस. कारकुनांच्या पाठीवर लाल लाल कडी उठली होती, एकीत एक अडकलेली, आणि आमचे सर त्या पाठीभोवती नवं घर बघायला आल्यासारखे फिरत होते.

"सुरेख?" कारकून मान वळवून म्हणाले. "अहो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"तुम्हाला नाही म्हटलं. पुरळाला म्हटलं. तुमचं कौतुक करायला घरचे आहेत."

सर पुण्याच्या पेठेतले, आणि कारकूनही पेठेतलेच. त्यांना हे उत्तर रीतसर वाटलं. मग सरांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून कड कशी पुढे सरकते, मधली कातडी कशी निवत जाते, ते बोट फिरवून फिरवून दाखवलं. इतकं रंगून दाखवलं की शेवटी कारकूनच म्हणाले, "एक आरसा द्या हो कुणीतरी, मलाही बघू द्या." जाताना ते खाजवत होते, पण जरा ऐटीत खाजवत होते. मी घरी फोन करून आईला म्हटलं, आई, मी बरोबर ठिकाणी आले आहे.

आईला ते पटायला वेळ लागला. पण सरांच्या घरच्यांना लागला त्या मानाने काहीच नाही. ते शिकायला लागले तेव्हा या खात्याला कुणी विचारत नसे. ज्याला कुठेच जागा मिळाली नाही तो "चामडी"त यायचा. विभाग होता इमारतीच्या मागे, कपडे धुण्याच्या जागेला लागून, आणि दारावर पाटी होती 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. सर सांगायचे, "त्या पाटीवरचा पहिला शब्द अख्ख्या पुण्यात कुणी वाचला नाही. साधं इसब दाखवायला आलेला माणूससुद्धा छत्री तोंडापुढे धरून यायचा. उन्हाळ्यात!" त्यांच्या मामांनी तर विचारलं होतं म्हणे, एवढं शिकून लोकांची खरूज बघणार का? आणि आता? आता पहिल्या नंबरात आलेली मुलं आधी हा विषय मागतात. "पूर्वी आमच्याकडे लोक तोंड लपवून यायचे," सर म्हणायचे, "आता तोंड दाखवायला येतात. सुधारणा आहे."

सर दिसायला किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात भिंग, आणि उजव्या कानात कापसाचा छोटा बोळा. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा अत्तराचा शौकीन आहे. ते अत्तर नव्हे, ते सरांचं उपकरण होतं. डाग दिसला की कानातला कापूस निघायचा, त्याचं टोक ओढून बारीक व्हायचं आणि पेशंटला हुकूम सुटायचा, "डोळे मिटा. लागलं की बोट ठेवून दाखवा." डागावर स्पर्श कळतो की नाही, यावर फार मोठे निकाल लागतात. कळला तर एक रोग, नाही कळला तर दुसरा, बहुधा कुष्ठ. पेशंट गेला की तो कापूस फेकायचे आणि नवा कानात ठेवायचे. हे सगळं बघून एका बाईंनी विचारलं होतं, "डॉक्टर, कान फुटलाय का तुमचा?"

दुसरं उपकरण म्हणजे खिडकी. आमच्या ओपीडीत ट्यूबलाइट भरपूर होत्या आणि सर आले की त्या बंद व्हायच्या. "ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात. उजेडात या, बघू." एवढं म्हटलं की पेशंट निघाला खिडकीकडे, सर त्याच्यामागे, आम्ही सरांच्या मागे. बाहेरच्या कडुनिंबावर बसलेल्या कावळ्यांनी आमच्याइतकेच पेशंट पाहिले असतील. आजही मी अवघड केसचा फोटो सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला तर उत्तर ठरलेलं: "फोटो छान आहे. पेशंटला खिडकीत उभं करा."

हात धुण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. पेशंटला हात लावायच्या आधी धुवायचे, त्याच्या देखत, साबणाने, घसघसून. नंतरचे धुवायचे ते तो दाराबाहेर गेल्यावर. "तुम्ही मला हात लावलात आणि लगेच नळाकडे धावलात, तर मी घरी काय घेऊन जाईन?" एवढंच म्हणायचे. यावर त्यांनी कधी भाषण दिलं नाही.

भाषण द्यायचे ते शब्दांवर. लॅटिन नावं त्यांना तोंडपाठ होती, पण आम्ही ती घेतली की ते कानावर हात ठेवत. आधी पेशंटने काय शब्द वापरला तो सांगायचा. गजकर्ण, शिबं, वांग, चाई, चामखीळ, कुरूप, केसतूड. "माणूस डाग घेऊन येत नाही, शब्द घेऊन येतो. तो शब्द काढून घेतल्याशिवाय मलम लावू नका." तेव्हा मला ही म्हातारपणाची लहर वाटायची. मग एकदा एक तरुण इंजिनिअर आला, हिंजवडीत नोकरी, हातात महागडा फोन, चेहरा पांढराफटक. बरगडीवरून पाठीकडे फोडांची माळ.

"सर, इंटरनेटवर सगळं वाचलंय. हर्पीस झोस्टर आहे, व्हायरल आहे, आय नो," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण आजी म्हणते, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. ते... म्हणजे... तसं काही नसतं ना?"

आम्ही ओठ चावून हसू दाबलं. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याच्या पाठीच्या कण्यावरून वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली, मग पुढे येऊन छातीपासून बेंबीपर्यंत दुसरी. "ही तिची हद्द. ती एका बाजूच्या नसेवरून चालते आणि ती नस इथे संपते. ही रेघ ओलांडायची तिची टाप नाही. आजींना रेघ दाखवा." पोरगा रडायलाच लागला. आठवड्याने आला तेव्हा फोड सुकले होते आणि रेघा मात्र ताज्या होत्या. आजी रोज पेनाने गिरवत होत्या.

सरांबरोबर मंडईत जाणं म्हणजे शिक्षा. दहा मिनिटांच्या भाजीला दीड तास. माणूस भाजी बघतो, हे हात बघायचे. लसूण विकणाऱ्या एका मावशींना म्हणाले, "डाव्या हाताचा अंगठा आणि ही दोन बोटं भेगाळतात ना? लसूण सोलताना गड्डी डाव्या हातात धरता." मावशी म्हणाल्या, "धरते. मग काय पायात धरू?" पण दोन मिनिटांत त्यांनी बोटं पुढे केली होती आणि शेजारची मिरचीवाली आपला हात घेऊन रांगेत उभी होती. लोणी काळभोरचे एक शेतकरी होते, त्यांचा चेहरा आणि मान दर हंगामात भाजल्यासारखी व्हायची. "डाक्टर, सावलीत बसलो तरी त्वांड जळतंया. समदी मलमं झाली." सरांनी त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या चिकटपट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, तर एकीखालची कातडी लाल झाली होती, आणि त्यांनी ओपीडीत अक्षरशः टाळी वाजवली. त्या पट्टीखाली गाजरगवत होतं. "सापडला चोर! बांधावरच राहतो तुमच्या!" शेतकरी आणि सर एकमेकांचे हात धरून हसत होते. असं काही सापडलं की वाटायचं, सगळं जग कुणीतरी कातडीवर लिहून ठेवलंय आणि आपल्याला नुकतंच वाचता यायला लागलंय. अजूनही वाटतं. हे लिहितानासुद्धा माझी बोटं शिवशिवत आहेत.

नव्या यंत्रांचा त्यांना तिरस्कार असेल असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. अतिनील किरणांची उभी पेटी आली तेव्हा त्यांनी तिचं 'उन्हाचं कपाट' असं बारसं केलं. कातडी मोठी करून दाखवणारं छोटं यंत्र आलं तेव्हा दिवसभर त्यांनी आपलं मनगट, शिपायाचा तीळ, कोथिंबिरीचं पान आणि माझ्या डब्यातली भाकरी तपासली. राग होता तो एकाच गोष्टीचा, मेडिकलच्या दुकानातून कुणीही उचलून आणलेल्या ट्यूबांचा. दोन दिवसांत खाज थांबवणाऱ्या आणि महिन्याभरात नायटा दुप्पट करणाऱ्या त्या ट्यूबा ते पेशंटकडून काढून घेत आणि लोणच्याच्या बरणीत टाकत. बरणी टेबलावर असे. "मुरतंय," ते म्हणत.

आणि राग आला हे ओळखायचं कसं? सर चिडले की ओरडत नसत. 'अहो'चं 'आपण' व्हायचं. "आपण कधी आलात?" म्हणजे उशीर झाला आहे. "आपण पुस्तक उघडता का?" म्हणजे त्या दिवशी जेवण जात नसे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

सुनंदाताई आल्या त्या हात पदराखाली घेऊन. धायरीला राहायच्या आणि पेठेतल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या. नवरा नाही, मुलगी बारावीला, घर सगळं त्या लाटण्यावर. बोटांच्या पेरांवर आणि मनगटांवर दुधासारखे पांढरे डाग आले होते. सरांनी खिडकीत नेलं, कापूस काढला, डोळे मिटायला लावले. कापूस जिथे टेकेल तिथे ताई बरोबर बोट ठेवत होत्या. "तुम्ही काय म्हणता याला?" सरांनी विचारलं. "कोड," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बरोबर. कोडच. कातडीचा रंग जातो, बाकी काही जात नाही. कुणाला लागत नाही." औषध दिलं, उन्हाच्या कपाटाचे दिवस ठरवून दिले.

इथवर ठीक होतं. मग केंद्राच्या मालकांनी चिठ्ठी मागितली. डॉक्टरांची, संसर्ग नाही अशी, आणि मराठीत, म्हणजे कुणी गिऱ्हाईक बोललं तर दाखवता येईल. सर त्या दिवशी परगावी होते. चिठ्ठी लिहिली माझ्याबरोबर शिकणाऱ्या भोपाळच्या मुलाने; त्याला आम्ही भोपाळच म्हणायचो. अत्यंत सज्जन मुलगा, मराठी शिकायची हौस दांडगी. त्याने कोशात बघून, सुवाच्य अक्षरात, एकही चूक न करता लिहिलं: 'सदर रुग्णास श्वेतकुष्ठ असून तो विकार संसर्गजन्य नाही.'

जुन्या पोथ्यांत कोडाला हा शब्द आहे. बरोबर आहे. फक्त मालकांनी 'कुष्ठ'पर्यंत वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही. ताईंच्या हातातलं लाटणं त्याच मिनिटाला काढून घेतलं.

चार-पाच दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा डोळे सुजले होते. चिठ्ठी पुढे केली. सरांनी ती वाचली, चष्मा काढला, भोपाळकडे बघितलं.

"आपण संस्कृतही शिकलात वाटतं?"

तो बिचारा पांढरा पडला. चूक काय झाली हे त्याला मी कोपऱ्यात नेऊन सांगितलं, तेव्हा तो खालीच बसला. तिकडे ताई हात जोडत होत्या. "सर, दुसरी द्या. नुसतं कोड लिहा आणि शिक्का मारा. तेवढ्यावर घेतील."

"नाही देणार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"एका चिठ्ठीने काम घालवलं, आता दुसरी कशाला? तुमच्यापासून कुणाला काहीही होत नाही. मग दाखला तुम्ही का म्हणून दाखवायचा? गल्ल्यावर बसून शिंकणाऱ्या मालकाकडे कुणी दाखला मागितला? आज तुम्ही दाखवलात की उद्या कोड असलेल्या प्रत्येक बाईला दाखवावा लागेल."

"तुमचं सगळं बरोबर आहे, सर," ताई म्हणाल्या. "पण माझं काम?"

मला तर सरांचा संतापच आला होता, तत्त्वं यांची आणि चूल हिची! मग त्यांनी घड्याळ पाहिलं, कानात नवा कापूस ठेवला आणि म्हणाले, "चला. मला भूक लागली आहे."

आम्ही चौघं रिक्षाने निघालो. सर, सुनंदाताई, मी, आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर भोपाळ.

केंद्रावर भर दुपारची रांग. मला वाटलं सर पुढे घुसतील. छे! रांग मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आम्ही शेवटी उभे राहिलो. ताई सगळ्यात मागे, हात पदराखाली. आमच्या पुढे एक आजोबा होते, हातात स्टीलचा डबा. ते न विचारताच बोलायला लागले, "चार दिवस झाले, पोळीला काय झालंय कळत नाही. परवाची दिली ती मी वहीला पुठ्ठा म्हणून वापरली." पुढून कुणीतरी म्हणालं, "माझ्या कवळीला विचारा." सरांचे डोळे लुकलुकले.

आमचा नंबर आला तोवर मागे रांग पुन्हा वाढली होती आणि आजोबा डबा भरून घेऊन बाजूलाच रेंगाळत होते. मालक माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "किती देऊ?"

"दहा पोळ्या. पण या नकोत, सुनंदाताईंच्या हातच्या."

"त्या सुट्टीवर आहेत."

"सुट्टी संपली. या काय, आल्या. मी त्यांचा डॉक्टर."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज खाली आणला, "डॉक्टर, माझं काही नाही हो. गिऱ्हाईकं बोलतात. तुम्ही फक्त एक सांगा. ते कुष्ठ नाही ना? एवढं म्हणा, आत्ता आत घेतो."

एक शब्द. फक्त एक 'नाही' हवं होतं. ताईंची नजर सरांच्या तोंडावर खिळली होती.

"नाही," सर म्हणाले. "त्यांना कोड आहे."

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं तर. या ताई." आतल्या दाराची कडी त्यांनी काढलीसुद्धा. काम झालं होतं! मी सरांची बाही ओढली. पण सर हलले नाहीत.

"आणि कुष्ठ असतं, तर आपण काय केलं असतंत?"

आपण. मालकांचा हात कडीवरच राहिला. ताईंनी डोळे मिटून घेतले. मला ओरडावंसं वाटत होतं, सर, आता पुरे, जिंकलोय आपण, चला!

"औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो रोगही कुणाला लागत नाही. गोळ्या आमच्याकडे फुकट मिळतात. माणसं बरी होतात आणि कामाला जातात. कुठे जातात? याच शहरात." सर रांगेकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "आपण सगळे रोज ज्यांच्या हातचं खाता, पिता, ज्यांच्याकडून कपडे शिवून घेता, त्यातल्या कित्येकांचे हात मी या हातात धरून तपासले आहेत. बरे केले आहेत. नावं सांगू?"

आजोबांनी डबा छातीशी धरून दोन्ही हात जोडले.

"नका हो डॉक्टर, नका! एका चहावाल्यावर माझा जीव आहे. मला काही कळायला नको."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी रांग हसली. "अहो, त्यांना आत सोडा आणि पोळ्या द्या!" मागून आवाज आला. "आमची जेवणाची सुट्टी संपत आली." धर्म, दया, शास्त्र सगळं राहिलं बाजूला, पुणेकरांना चांगली पोळी हवी होती. सर मालकांना म्हणाले, "नावं सांगणार नव्हतोच. मेलो तरी सांगणार नाही." आणि 'आपण'चं पुन्हा नेहमीचं 'अहो' झालं. "अहो, बाईंना हात धुवायला नळ कुठे आहे?"

ताई आत गेल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी साबणाने हात धुतले, घसघसून, कोपरापर्यंत, डाग लपवायचा प्रयत्नसुद्धा न करता. पदर खोचला. लाटण्याचा आवाज सुरू झाला. भोपाळ उघड रडत होता.

मालकांना आता सरांना खूश करायचं होतं. ते आत वाकून म्हणाले, "ताई, डॉक्टरांना चांगली बघून द्या हं. बिनडागाची!"

लाटणं थांबलं नाही. आतून ताईंचा आवाज आला, पहिल्यांदाच मोठा, "बिनडागाची कच्ची असते, काका."

रांगेत पुन्हा हशा पिकला. मालकही हसले, जरा उशिरा. पोळी आली ती तव्यावरून थेट. सरांनी ती दोन बोटांत धरली, सवयीने रस्त्याच्या बाजूला वळले, उन्हात उंच केली आणि तिच्यावरचे तांबूस डाग भान विसरून बघत राहिले.

"वा! काय सुरेख आहे!"

"सर," ताई आतून म्हणाल्या, "बघताय काय? गरम आहे तोवर खा."

आणि माझ्या डोळ्यांदेखत, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, सरांनी तपासणी अर्धवट सोडली आणि त्या पोळीचा घास घेतला.